उदबत्ती विझेपर्यंत

पप्पा, तुम्हाला जाऊन पंधरा वर्षं झाली आणि मी हे हनोईतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत बसून लिहिते आहे. अंधेरीची चांगली नोकरी सोडून शिष्यवृत्तीवर व्हिएतनामी शिकायला आले, दुभाषी व्हायचं म्हणून. आई अजून धुसफुसते. "चाळिशी आली आणि आता शाळेत जातेय," असं ती वाकोल्यात भेटेल त्याला सांगते, पण त्यात तोरा असतो हे मला ठाऊक आहे.

पहिले तीन महिने माझी पार वाट लागली होती आणि त्यात थोडा दोष तुमचा आहे. साकीनाक्याच्या गाळ्यावर मी तुमचा डबा घेऊन यायचे. बाकीच्या कामगारांचं जेवण पाच मिनिटांत उरकायचं. तुम्ही मात्र एकेक घास चावत, सावकाश. एकदा तुम्ही असे जेवत असताना मी हौसेने कानस उचलली आणि लेथवरून उतरलेल्या एका बुशवर, बोटाएवढ्या पोकळ लोखंडी नळीवर, घासली. तुम्ही तोंडात घास असतानाच ओरडलात, "आगं, आधी माप घे, मग हात लाव! लोखंड एकदा गेलं की परत वाढत न्हाई." मी रडले, आणि ते वाक्य कायमचं डोक्यात बसलं. ही भाषा सुरांवर चालते, सूर चुकला की अर्थच बदलतो. म्हणून वर्गात मी प्रत्येक वाक्य मनात दहादा मोजायचे, आणि मोजून होईपर्यंत बोलणं भलतीकडे गेलेलं असायचं. शेवटी बाई म्हणाल्या, तोंडी परीक्षेत अशीच गप्प बसलीस तर शिष्यवृत्ती बंद होईल, घरी जावं लागेल.

खाली घरमालकीणबाई एकट्याच राहतात, सत्तरीच्या. त्यांच्या नवऱ्याचा स्मृतिदिन होता. सकाळपासून रांधून त्यांनी फोटोसमोर ताट मांडलं, उदबत्ती लावली आणि मला बोलावलं. इथे उदबत्ती विझेपर्यंत ताटाला कुणी हात लावत नाही. तोवर गेलेलं माणूस जेवतं असं धरतात. मला तुमच्या आईच्या दहाव्याचा दिवस आठवला. भावकीने कावळ्याला घास ठेवायचं काढलं, तर तुम्ही सगळ्यांसमोर म्हणालात, "जित्यापणी म्हातारी उपाशी निजायची तवा कुणी इचारलं न्हाई. मेलेलं माणूस जेवत न्हाई." मी केवढी फुशारले होते तेव्हा! तेवढ्यात मालकीणबाईंनी विचारलं, "तू वडिलांचं ताट कधी मांडतेस?" मी वाक्य मोजलं, सूर तपासले आणि म्हणाले, मेलेली माणसं जेवत नाहीत. तीन महिन्यांतलं माझं पहिलं बिनचूक वाक्य. त्यांचा चेहरा उतरला. त्या फोटोकडे वळल्या आणि ताटातल्या जेवायच्या काड्या उगाच सरळ करत राहिल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मी बोलत सुटले, काही न मोजता. माझे वडील यंत्रावर काम करायचे (लेथ कशी सांगायची? हात गरगर फिरवला), त्यांची आई उपाशी राहायची, म्हणून त्यांना राग होता, मला मालकीणबाईंचं मन दुखवायचं नव्हतं. सूर सगळे वाकडे पडत होते. शब्द संपले तेव्हा मी किल्ल्यांचा जुडगा काढला. त्यात तुमचा एक बुश आहे, पप्पा. दहावीला गणितात नापास झाले तेव्हा तुम्ही तो पेटीतून काढून माझ्या हातावर ठेवलात. "ह्यो माझा लेथवरला पहिला जॉब. माप चुकलं, वाया गेला. शेठनं फेकला, मी उचलून ठिवला." बाप पोरीला भंगार देतो म्हणून मी रुसले होते. मालकीणबाईंना हे सगळं खुणांनी, मोडक्यातोडक्या शब्दांत सांगताना मलाच पहिल्यांदा उमगलं, की माप घे म्हणून ओरडणाऱ्या माणसाने स्वतःची चूक जन्मभर जपली होती.

मालकीणबाईंनी बुश तळहातावर घेतला, बराच वेळ बघितला. म्हणाल्या, "हे जेवत नाहीत ते मलाही कळतं गं. तेवढा वेळ मी त्यांच्याजवळ बसते." मग त्यांनी विचारलं, "तुझ्या वडिलांना काय आवडायचं?"

परीक्षेत मी भरपूर चुकले. बाई दोनदा हसल्या, मीही हसले, आणि पास झाले. अजून एक वर्ष इथेच आहे. आता भाजीवालीशीही घासाघीस करते, ती माझी नक्कल करते आणि मिरच्या वर टाकते.

गेल्या आठवड्यात तुमचा दिवस होता. मालकीणबाईंनी बाजारातून सुकट आणली, मी कांदा घालून परतली. भाकरीचं पीठ मिळालं नाही, भातावर भागवा. फोनमधला तुमचा फोटो पेल्याला टेकवला, शेजारी बुश ठेवला. हे पत्र टाकणार कुठे, वहीतच राहील. पण एक कबूल करते, रागावू नका. उदबत्ती विझली, मालकीणबाई म्हणाल्या, "चल, जेवून घेऊ." मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, "जरा थांबा. आमचे पप्पा सावकाश जेवतात."