उलट्या पावली

३ फेब्रुवारी
दुर्बिणीच्या डाव्या भिंगाचं झाकण हरवलं. याहून क्षुल्लक कारणांनी साम्राज्यं बुडाली असतील. दुर्बीण बायकोची, व्हर्लिनची. ती होती तोवर झाकण जागेवर होतं. ती गेल्यावर झाकणानं शिस्त सोडली, मी नाही.

निश्चय: रविवारी समोरच्या बेटावर जायचं. दिवसाउजेडी, पक्षी बघायला. हेतू निव्वळ शास्त्रीय. रोज रात्री तिकडून वाऱ्यावर रडणं ऐकू येतं, ते पक्ष्याचंच आहे हे एकदा डोळ्यांनी बघायचं. मग झोपायचं. ती गेल्यापासून धड झोपलेलो नाही.

४ फेब्रुवारी
शेजारची मर्टल, व्हर्लिनची थोरली बहीण, म्हणते तो आवाज जंबीचा, मेलेल्या माणसाच्या भटकत्या आत्म्याचा. बेटावरून आलास की तोंड रस्त्याकडं ठेवून उलट्या पावली घरात शीर, नाहीतर मागोमाग आत येईल. म्हटलं, कस्टम खात्यात जन्म घालवलेल्या माणसाच्या घरात भूत असो की जंबी, कागदपत्रांशिवाय कुणी शिरत नाही.

मर्टल म्हणाली, मग रोज अंधार पडला की उलटा का शिरतोस? अख्खं स्पेसाइड गाव बघतं.

गुडघा. पायरी उंच आहे. उलटं चढलं की कमी दुखतो.

मर्टल म्हणाली, बायकोला पुरलं त्याच आठवड्यात बरा दुखायला लागला! ती होती तेव्हा कधी वळून तरी बघितलंस का रे? आपला पुढं चालत सुटायचास. पिशव्या तिच्या हातात आणि दार तिच्या तोंडावर.

दाराची स्प्रिंग कडक आहे. स्प्रिंग बदलणे.

६ फेब्रुवारी
काल रात्रभर रडत होतं. (पक्षी.) स्प्रिंग राहिली.

८ फेब्रुवारी, रविवार, सकाळ
बेटावर ने-आण करणाऱ्या नेडच्या होडीत माणसांवर माणसं, तरी पुढची जागा रिकामी. बसायला गेलो तर नेड म्हणाला, मागं या साहेब, ती मिस व्हर्लिनची. दर रविवारी तिथंच बसायची. म्हटलं, अरे, ती गेली ना. नेड म्हणाला, शवपेटीला खांदा मी दिलाय, मला सांगता? मागं बसा.

दर रविवारी मी रेडिओवर क्रिकेट ऐकत असे. कुणीतरी स्कोअर लक्षात ठेवायला हवा.

दुपार
कड्यावर दुर्मिळ गरुड दिसला. सर्वांना हाका मारून दाखवला. कोंबडा निघाला. एक झाकण नसलं की असं होतं.

संध्याकाळ
नेडनं झाडाच्या मुळाशी एक बीळ दाखवलं. वाकलो. आतून तोच आवाज. पाय घसरून नेडच्या गळ्यात पडलो. (जमीन निसरडी. महिनाभर पाऊस नाही, तरी.) आत करड्या पिसांचा गोळा. शिअरवॉटर या समुद्रपक्ष्याचं पिल्लू. नेड म्हणाला, मिस व्हर्लिन याला एगबर्ट म्हणायची; भूक लागली की बोंबलतो, पोट भरलं की ढिम्म.

एगबर्ट माझं नाव.

तर सिद्ध झालं. पक्षीच. विज्ञानाचा विजय. म्हणजे तिकडं कुणी नाही. कुणीच नाही.

येताना इंजिन रुसलं. घरी पोचेपर्यंत अंधारलं. कुंपणावरून मर्टल ओरडली, एगबर्ट, उलटा! उलटा शीर!

गुडघा दुखत नव्हता. सरळ आत गेलो. मग वळलो आणि दार हातानं उघडं धरून उभा राहिलो.

मर्टलनं विचारलं, कुणासाठी धरलंयस रे?

म्हटलं, स्प्रिंग बघतोय.

डास आले. धरून राहिलो. पिशव्या घेऊन पायरी चढायला लागतो तेवढा वेळ. मग आणखी थोडा.