दोन डाव्या बाह्या

२ मार्च, सोमवार

फाडूनच टाकावा वाटला तो झगा! शाळेचा पहिला दिवस, गणवेशाचा नवा झगा, आणि पोरगी रडवेली होऊन घरी. "बाबा, इकडे ओढतंय." कुठे ओढतंय, कसं ओढतंय — सांगता येईना तिला. सहा वर्षांची तर आहे. मी उलटसुलट करून पाहिला. पांढरा झगा, बटणं, गळ्याशी निळा बो. सगळ्या पोरांचा असतो तसाच. मला काही दिसलं नाही.

शनिवारी मी एकट्यानेच आणला. अंदाजाने. मिकाला सोबत न्यायचं सुचलंच नाही. हे सगळं तिची आई बघायची, निदिया. निदिया आहे घरात — पण डिसेंबरात ब्रूनो झाला तेव्हापासून पलंगावरच. पाजते त्याला, आणि भिंतीकडे तोंड करून पडते. डॉक्टर म्हणतात, बाळंतपणानंतर होतं काहींना असं, गोळ्या चालू ठेवा, धीर धरा. धरलाय.

आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून मिकाला सोडायला गेलो. फाटकापाशी आया नुसत्या फोटो काढत होत्या. मीही काढला. घरी येऊन निदियाला दाखवला. "छान," म्हणाली. बघितला की नाही देव जाणे.

३ मार्च, मंगळवार

शाळेच्या बाईंनी शेजारच्या ओफेलियाकाकूंपाशी निरोप दिला — मिकाएला वर्गात हात वर करत नाही, लाजाळू आहे का? लाजाळू! आमची मिका! अख्ख्या पायसांदू गावात तिच्याएवढी बडबडी पोरगी सापडायची नाही.

घरी झगा घालायला लावला, म्हटलं, कर हात वर. डावा गेला सरळ. उजवा खांद्यापर्यंत आला आणि अडकला. जोर लावला तर पाठीवर झगा ताणला, बटण तुटायला आलं. मी पुन्हा सगळी शिवण चाचपली. संत्र्यांच्या कारखान्यात दिवसभर डागी फळं वेचून बाजूला काढतो मी, पण कपड्यातलं ओ की ठो कळत नाही.

मिका तशीच आईच्या खोलीत गेली. निदियाने मान वळवून पाहिलं.

"दोन्ही बाह्या डाव्याच लावल्यात," म्हणाली. आणि परत भिंतीकडे वळली.

खरंच की! पण मला त्या बाह्यांचं काही वाटलं नाही तेव्हा. किती दिवसांनी आपणहून बोलली! मी दारात उभाच राहिलो, अजून काही बोलते का म्हणून.

४ मार्च, बुधवार

जादा काम. दुकानात जायला जमलं नाही. मिका तोच झगा घालून गेली.

५ मार्च, गुरुवार

चौकातलं ते लहान मुलांच्या कपड्यांचं दुकान. दुपारची झोप आटपून चारला उघडतं, आज उशिराच उघडलं. मिका सोबत होती — म्हटलं, घालून दाखवू, चटकन पटेल. पावती होती. बदलून द्या, एवढंच मागणं.

गल्ल्यापाशी ती पोरगी — लांब नखं, तोंडात गम, डोळे मोबाईलवर.

"धुतलाय ना? मग नाही परत घेत."

म्हटलं, अहो, धुतल्याने डावी बाही उजवी होते का?

"साहेब, आमचा माल राजधानीतून, मोंतेव्हिदेओहून येतो. आजपर्यंत एक तक्रार नाही." मग तिने मिकाकडे बघितलं, वरून खालपर्यंत. "पोरीचाच हात वाकडा असेल. डॉक्टरला दाखवा एकदा."

आणि हसली. मागे कपडे लावणारी दुसरी होती, तीही हसली.

मी काय म्हणालो? "बरं," म्हणालो! "बरं" कसं आलं तोंडातून! झगा पिशवीत कोंबला, मिकाचा हात धरला, बाहेर.

अर्ध्या रस्त्यात मिका म्हणाली, "बाबा, माझा हात वाकडा आहे?"

म्हटलं, अजिबात नाही गं, त्या बाईला अक्कल नाही. पण ती चालता चालता हात पुढे धरून बघत होती. घरापर्यंत.

६ मार्च, शुक्रवार

मिकाने ओफेलियाकाकूंचे हात तपासले. मग माझे. ब्रूनोचे मुठी उघडून. "सगळ्यांचे सरळ आहेत," म्हणाली.

७ मार्च, शनिवार

आज एकटाच गेलो, मालकीणबाईंना भेटायला. म्हटलं, मोठी बाई आहे, समजून घेईल. गळ्यात मोत्यांची माळ, आवाज गोड — आणि मुद्दाम सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असा. शनिवारची गर्दी. अर्ध्या बायका मिकाच्याच शाळेतल्या आया.

"हे बघा, पावतीवर एक झगा लिहिलाय. एक झगा दिलाय. बाह्यांचं काही लिहिलंय का त्यात?"

दोघीतिघी हसल्या. मी झगा पसरून दाखवायला लागलो तर म्हणे, "काउंटर अडवू नका, गिऱ्हाइकं खोळंबलीत." मी कोण मग? गिऱ्हाईक नाही?

"आणि घरी कोण धुतं कपडे? तुम्हीच? मग काय बोलायचं!"

बायका परत हसल्या. घरी कोण धुतं, का धुतं — त्यांना काय सांगणार? गावात आधीच कुजबुज आहे. निघताना मी "माफ करा" म्हणालो. मीच! वाटेवर ते शब्द नुसते टोचत राहिले.

ओफेलियाकाकूंनी ऐकलं तर त्यांचा पारा चढला. "आण इकडे! उसवते आणि शिवून देते नीट. कशाला त्या दुकानाच्या पायऱ्या झिजवतोस?" खरं आहे त्यांचं. पण देईना मी. घरी शिवला तर मिकाला वाटेल, आपल्या वाकड्या हाताच्या मापाने शिवून घेतला. तो झगा दुकानानेच चुकीचा म्हणायला हवा. तिच्यासमोर. काकू म्हणाल्या, "तुझं डोकं फिरलंय, एबेर." फिरलंही असेल. झोप नाही नीट महिनोन्महिने.

८ मार्च, रविवार

कपडे धुतले. ब्रूनो रडला. भाताचा लगदा झाला. बस्स.

९ मार्च, सोमवार

शाळेच्या बाईंनी आज बोलावून घेतलं. मिकाने शुक्रवारपासून उजव्या हाताने लिहायचं सोडलंय. डाव्या हातात पेन्सिल. अक्षरं उलटी, रेघा कुठच्या कुठे. बाईंनी विचारलं तर म्हणाली, "माझे दोन्ही हात डावे आहेत."

मुलं हसली असणार. बाईंनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

घरी आल्यावर म्हटलं, मिका, इकडे ये, चमचा धर. डाव्या हाताने धरला. सूप अर्धं मांडीवर. रागावलो. उगाच रागावलो. ती रडली नाही, नुसतं खाली बघत खात राहिली — आणि मला तिच्यात तिची आई दिसली.

१० मार्च, मंगळवार

मी चुलीपाशी होतो, येर्बाच्या चहाला पाणी ठेवलं होतं. खोलीतून मिकाचा आवाज — आईच्या पलंगावर बसून सगळं सांगत होती. दुकानातली बाई, तिची नखं, हात वाकडा, डॉक्टर. निदियापासून मी हे लपवलं होतं. म्हटलं, तिच्या डोक्याला आणखी ताप नको.

मी कान लावून उभा. निदिया काहीतरी बोलेल. जवळ घेईल, निदान हाताला हात लावेल.

नुसता पलंग करकरला, कूस बदलल्याचा. मिका उठून अंगणात गेली.

आज लिहूनच टाकतो — राग आला मला निदियाचा. आजारी आहे, कळतं. तिच्या हातात नाही, कळतं. तरी आला. पाणी उकळून आटलं तरी मी तिथेच.

११ मार्च, बुधवार

आज शेवटचं म्हणून गेलो. मिकाला घेऊन. जाऊन सरळ मांडणीवरचा तिच्याच मापाचा दुसरा झगा काढला, आमच्या झग्याशेजारी ठेवला. म्हटलं, बघा, आता तुम्हीच बघा!

ती पोरगी धावतच आली. "मालाला हात लावायचा नाही!" — आणि हिसकावून घेतला. मालकीणबाई आतून आल्या. म्हणाल्या, "परत तुम्ही? रोज रोज येऊन तमाशा करताय. पोलिसांना बोलावू का?"

एवढा बाप्या माणूस, पेट्या उचलतो दिवसभर, आणि लहान मुलांच्या मोज्यांच्या ढिगापाशी उभा राहून मोज्यांच्या जोड्या लावत होतो. मिका माझी पँट ओढत होती. "चल बाबा. चल ना. मला नको झगा."

घरी आलो. पिशवी टेबलावर टाकली आणि खुर्चीत बसलो. मान वर केली तर निदिया खोलीच्या दारात उभी! चौकटीला धरून. केस सगळे एका बाजूला चिकटलेले.

"काय म्हणाले?"

सांगितलं. पहिल्यापासून सांगितलं, "बरं" आणि "माफ करा"सकट.

"मिकाला काय म्हणाली ती? जसंच्या तसं सांग."

जसंच्या तसं सांगितलं.

"आणि मिकाने ऐकलं?"

म्हटलं, समोरच उभी होती ती.

निदियाने पाणी मागितलं. प्यायली. पेला माझ्या हातात दिला आणि परत जाऊन पडली. मी पेला धरून बसलो. एवढं बोलली आज. पण पडलीच परत.

१२ मार्च, गुरुवार

दिवसभर पाऊस. संत्री ओली, पेट्या ओल्या, मी ओला. कंटाळा आलाय. उद्या काकूंना झगा देऊन टाकतो. शिवू देत.

१३ मार्च, शुक्रवार

घरी आलो तर पलंग रिकामा. चादर सरळ केलेली! न्हाणीघर पाहिलं, अंगण पाहिलं, हाका मारल्या. टेबलावर पिशवीही नाही. पळतच शेजारी गेलो. काकूंच्या मांडीवर ब्रूनो झोपलेला.

"गेली," काकू म्हणाल्या. "मिकाला घेऊन. चौकात. केसही विंचरायला थांबली नाही."

पळालो. दुकानाच्या काचेतून दिसलं — निदिया घरातल्या चपलांवर, अंगात माझा कोट. मिकाला उचलून काउंटरवर उभी केलेली, मांडणीवरच्या नव्या झग्यात. दोन्ही हात वर, सरळ. मालकीणबाई खाली बघत होत्या. ती नखंवाली मिकाच्या उजव्या हाताकडे बघून तिला काहीतरी म्हणत होती, आणि निदिया बोट दाखवून त्या पोरीला ते पुन्हा, मोठ्याने म्हणायला लावत होती.

आत गेलो नाही. बाहेरच थांबलो.

निदिया बाहेर आली. माझा दंड धरला.

"एबेर, भूक लागलीय रे. काय आहे घरात खायला?"