बर्फातून नेलेल्या रक्तनळ्यांबाबत

प्रति,
मा. प्रकल्प अधिकारी,
पेशीकण संशोधन प्रकल्प,
वर्धा.

विषय : दि. १९ जून रोजीची सुई थांबवून माझ्या चुकीची चौकशी करणेबाबत.
संदर्भ : माझे अर्ज दि. २२ मे व २९ मे २००६, आपले उत्तर, "नोंद घेतली."

महोदय,

तिसऱ्यांदा लिहीत आहे. आरोग्य सेवक म्हणून एकतीस वर्षे नोकरी केली, पण कोणा अधिकाऱ्याला इतका त्रास कधी दिला नाही. तक्रार कोणाविरुद्ध ते स्पष्ट होत नाही, असे आपले कार्यालय म्हणते. तक्रार माझ्याविरुद्ध आहे.

१) निवृत्तीनंतर आपण मला पुलगाव केंद्रावरील रक्तनळ्या एस.टी.ने वर्ध्याच्या प्रयोगशाळेत पोहोचवण्याचे काम दिले. लुपस या आजाराचे अकरा रुग्ण. त्यांत माझी मुलगी मयुरी, वय २३. आपणच सभेत समजावले होते की, मरणाऱ्या पेशी बारीक कण सांडतात. ते वेळेवर साफ झाले नाहीत तर शरीर त्यांना शत्रू समजते आणि स्वतःच्याच सांध्यांवर, कातडीवर, मूत्रपिंडावर उठते. म्हणून हे कण मोजायचे.

२) पोलिओचे डोस मी आयुष्यभर बर्फाच्या डब्यात वाहिले. डोस गरम झाला की वाया, हे अंगात भिनलेले. रक्तनळ्या थंड करू नयेत, अशी इंग्रजी सूचना डब्यावर चिकटवलेली होती. मी ती वाचली नाही, उलट पदरचा बर्फ घातला. जानेवारी ते मे. माझी पत्नी धुरपता तेव्हाच म्हणाली होती, "रक्त म्हणजे का पोलिओचा डोस व्हय जी, बर्फात घालाले?" मी तिलाच अडाणी ठरवले.

३) २० मे रोजी पुलगाव केंद्रावरील नव्या तंत्रज्ञ हर्षाताईंनी डबा उघडला आणि त्यांचा चेहरा उतरला. "काका, बर्फ काऊन घातला? थंडीनं पेशी चिडतात, नळीतच कण सोडतात. मशीन तेही मोजते." म्हणजे जे कण मयुरीच्या अंगात नव्हतेच, ते मी बसमध्ये तयार केले. त्याच आकड्यांवरून आपण तिला गोळ्यांवरून जहाल सुईच्या यादीत घातले. दोन सुया झाल्या. या सुईने पुढे मूल न होण्याचा धोका आहे, असे संमतीपत्रात छापले आहे. तिच्या सहीखाली साक्षीदार म्हणून माझी सही आहे.

४) त्यानंतर बर्फ बंद केला. मयुरीचा आकडा एकदम उतरला. वाटले, आता तरी साहेबांच्या लक्षात येईल. आपण शेरा मारला, "औषध लागू पडले. आणखी चार सुया द्याव्यात." तिची पुढची सुई १९ जूनला आहे.

५) मग माझी मती गुंग झाली. ३ जूनला हर्षाताईंकडून स्वतःचे रक्त काढवून घेतले, तुलनेसाठीच्या निरोगी व्यक्तींच्या यादीत नाव लिहवले आणि नळी जाणूनबुजून बर्फात नेली. मला साधा गुडघाही दुखत नाही. हर्षाताईंनीही बर्फाचे आपणास लेखी कळवले. ७ जूनपासून त्यांची खुर्ची रिकामी आहे. काल आपले पत्र मिळाले : माझ्या रक्तातील कण आजाराच्या पातळीचे आहेत, मी बारावा रुग्ण आहे, आणि १९ जूनला सुईसाठी नातेवाईकासह हजर राहावे.

महोदय, आता मला भीती वाटते. आपले मशीन खरे, कागद खरे, शिक्का खरा, आणि त्याखाली माझी पोर सापडली आहे. एकाच दंडातून दोन नळ्या काढाव्यात, एक बर्फात, एक बिनबर्फाची. अर्ध्या दिवसाचे काम आहे. उरलेल्या दहा घरी मी उद्या स्वतः जाऊन सांगणार आहे. त्यांनी मारले तरी चालेल.

सोमवारी मी हजर राहतो. नातेवाईक म्हणून मयुरीला सोबत आणतो. सुई मला टोचा. तिला फक्त माझ्या उशाशी बसू द्या.

आपला नम्र व दोषी,
कवडू नत्थूजी ताकसांडे
मु. नाचणगाव, ता. देवळी, जि. वर्धा
दि. १६ जून २००६

सोबत : संमतीपत्राची प्रत, मला रुग्ण ठरवणारे आपले पत्र.