हातानं काढलेली खोप

आये, तुझ्या हैबतीनं लांबनंच तुझ्या पायांवर डोकं ठेवलंय.

मी बरा हाय. खोकला कमी झालाय, काळजी करू नको. तुझे गुडघे कसे हायत?

यंदा पावसात धरणाचं पाणी इथल्या वाड्यांवर चढणार. म्हणून रिकाम्या घरांचे दगड काढायला आमची टोळी लावलीय. परवा गुरांची एक खोप पाडायची होती. बाबा रचायचे तशीच, माती नाय, चुना नाय, नुसता दगडावर दगड. दाराशी घरधनीण ठमाबाई बसलेली, उठेना. मी पहार उचलली तशी म्हणाली, "लेकरा, माझ्या धन्यानं एकेक दगड हातानं ठेवलाय. तू पण हातानंच काढ."

मुकादम ओरडत राहिला, पण मी हातानंच काढली. शेवटचा थर निघाल्यावर ती उठली, मोकळ्या जागेला हात जोडले नि लेकाच्या बैलगाडीत जाऊन बसली.

बाबा गेले तेव्हा मला पोचता आलं नाय. तवाचं राहिलेलं सगळं रडू मी त्या दगडांवर बसून रडलो, आये.

आपल्या शेताचा, बाबांनी रचलेला दगडी गडगा रस्त्याच्या खडीसाठी मागतायत म्हणे. खरं हाय काय? मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नको.

तुझाच,
हैबती