नेव्हिल काकांच्या मिशा

बार्लेडन,
रविवार, पाऊस

आदरणीय आयलीन आत्या,

टिलीचा नमस्कार. वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना आधी तब्येत विचारायची असते, तेव्हा तुझे गुडघे कसे आहेत, नेव्हिल काकांचं पोट कसं आहे, आणि तुमचा कुत्रा अजून सोफा खातो का? ऑस्ट्रेलियात ऊन असेलच. इकडं ऊन नाही, बाकी सगळं ठीक. (भोंग्याचं प्रकरण बाबांनी तुला कळवलं असेल. बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा पहाटे वाजला आणि आपल्या रस्त्यावरचे निम्मे म्हातारे पायांत बूट घालून दारात येऊन उभे राहिले, एवढंच खरं आहे. वाजवला कुणी, ते अजून शाबीत व्हायचंय.)

तू बाबांना विचारलंस की आई (म्हणजे माझी आजी) आता घरात एकटी राहू शकते का, तिला आजूबाजूचं काही कळतं का, की टेकडीवरच्या वृद्धाश्रमात तिच्यासाठी खोली घ्यायची. बाबा मला म्हणाले, टिले, तूच लिही, तू तिच्याकडंच पडीक असतेस. म्हणून खरं ते लिहिते. कान गेले ते गेलेच. तू पाठवलेलं यंत्र ती बिस्किटांच्या डब्यात ठेवते, कारण ते शिट्ट्या मारतं आणि बिस्किटं काही बोलत नाहीत. पण जन्म मागावर काढलेल्या बाईला कानांचं एवढं काय गं? तुला सांगायला नको, पण तिकडं जाऊन विसरली असशील म्हणून सांगते. गिरणीत इतके माग एकदम खडखडायचे की कानात ओरडलं तरी ऐकू यायचं नाही. म्हणून बाया तोंड मोठं हलवून, आवाज न काढता बोलायच्या. त्याला अजून ‘मीमॉ’च म्हणतात. आजी आणि समोरची विनी आजी अजून तशाच बोलतात, दोघी आपापल्या खिडकीत, मधे रस्ता. अख्ख्या गावाची धुणी काचेतून धुतली जातात. परवा विनी आजीनं काहीतरी तोंड केलं आणि आजीनं हसता हसता चहा मांडीवर सांडला. मी विचारलं काय झालं, तर म्हणे, तुझं लग्न झालं की सांगेन.

आता मुख्य मजकूर. दर गुरुवारी संध्याकाळी क्लबात प्रश्नमंजुषा असते. जिंकणाऱ्या टेबलाला बटाटा-मटणाची पाई मिळते, आणि ती पाई परातीएवढी असते. मी शाळेत किती हुशार होते ते तुला माहीत आहे (शाळेलाही माहीत आहे). म्हणून मी आजीला बरोबर न्यायला लागले. बहिरी म्हातारी, अंगावर शाल, हातात चहाचा कप, कोण संशय घेणार? बाकीच्या टेबलांवर लोक डोक्याला डोकं लावून कुजबुजायचे, आजी ते चहा पीत पीत वाचायची आणि माझ्याकडं वळून बिनआवाजी सांगायची. (मला मीमॉ तिनंच शिकवलंय. शाळेत हाच एक विषय असता तर मी मास्तरीण झाले असते.) सगळ्यात चांगलं पीक यायचं ते गिरणीतल्या फ्लॅटवाल्यांच्या टेबलावर. आजीचे माग जिथं होते तिथं आता त्यांचं न्हाणीघर आहे, म्हणून ती त्यांची उत्तरं घेताना मुळीच लाजत नाही. त्यांच्यात फेलिसिटी नावाची एक बाई आहे, तिला सगळं येतं, आणि ती कुजबुजतानासुद्धा एकेक अक्षर चावून बोलते. आजी म्हणायची, काय गुणी पोर आहे, तोंड कसं स्वच्छ चालवते. अख्खा हिवाळा आम्ही पाई खाल्ली. बाबांना विचार, त्यांच्या पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं.

मग आलं टिंबक्टू. क्लबाचे सेक्रेटरी ऑग्डेन साहेब यांनी माइकवरून विचारलं की हे टिंबक्टू कुठल्या देशात आहे. मला तर आजवर ती शिवी वाटायची. फेलिसिटी कुजबुजली, आजीनं वाचलं आणि सांगितलं बाली. मी लिहिलं बाली. उत्तर निघालं माली. आता यात आजीचा काय दोष? प, ब, म ही तिन्ही अक्षरं ओठ मिटूनच बाहेर पडतात, बघणाऱ्याला सख्खी भावंडं. गिरणीत बोलण्याचा मागचा-पुढचा धागा धरून कुठलं अक्षर ते लावून घेता यायचं. टिंबक्टूला कसला आलाय मागचा-पुढचा धागा?

ऑग्डेन साहेब आमचा कागद वाचून म्हणाले, “टिली, बाळ, हे बाली कुठून काढलंस?” मी शहाण्यासारखी गप्प बसले. पण आजीला वाटलं, आपल्या नातीवर अन्याय होतोय. आणि बहिऱ्या माणसाला आपला आवाज कुठवर जातो ते कळत नाही. ती सगळ्या क्लबाला ऐकू जाईल अशी म्हणाली, “तिला काय विचारतोस रे? त्या निळ्या झग्यातल्या पोरीनं सांगितलं बाली. मी स्वतःच्या डोळ्यांनी ऐकलं.”

त्यानंतर क्लबात जी शांतता पसरली ती मात्र आजीला बरोबर ऐकू आली. पाई जप्त. आम्ही दोघी उन्हाळ्यापर्यंत बाद. ऑग्डेन साहेब मला म्हणाले, तुझं मी समजू शकतो, पण तुझ्या आजीकडून ही अपेक्षा नव्हती. (म्हणजे बघ, गावात माझी पत काय आहे.) फेलिसिटी दुसऱ्या दिवशी आजीकडं आली. मला वाटलं भांडायला, तर ती केक घेऊन आली होती. तिला मीमॉ शिकायचंय, नवऱ्याला सासूच्या समोर चार गोष्टी सुनवायला. आता ती मंगळवारी शिकवणीला येते. प्रगती चांगली आहे. सासूला कळायला लागलंय.

तेव्हा आजीला आजूबाजूचं कळतं का, ते तूच ठरव. माझं मत विचारशील तर थोडं कमी कळलं असतं तर गावाला बरं पडलं असतं. टेकडीवरच्या त्या खोलीच्या खिडकीतून फक्त गाई दिसतात. गाई दिवसभर तोंड हलवतात गं, पण बोलत काहीच नाहीत. तिथं ती महिन्याभरात मुकी होईल.

काकांना नमस्कार, कुत्र्याच्या डोक्यावरून हात.

तुझी,
टिली

ता. क. एक राहिलंच. गेल्या रविवारी व्हिडिओवर बोलताना तू “एक मिनिट हं आई” म्हणून आवाज बंद केलास आणि काकांना शेजारी ओढून बराच वेळ बोललीस. आवाज बंद केलास, आत्या. तोंडं चालूच होती. आजी गोड हसत बसली होती ना, ती तुमचं वाचत होती. खोलीला पडदे कुठले लावायचे, घर बघायला माणसं कधी आणायची, तिचं काचेचं कपाट कुणी घ्यायचं, सगळं. टिलीच्या भरवशावर काय राहायचं, पोरगी माठ आहे, असं काका म्हणाले. (माझं मन राखायला आजी म्हणते की ‘पाठ’ असेल. “पोरगी पाठ आहे” याचा अर्थ मी अजून लावतेय.)

ता. क. दुसरा. त्याच व्हिडिओच्या शेवटी आजीचं तोंड हललं आणि आवाज आला नाही, तेव्हा मशीन बिघडलं नव्हतं. ती तुझ्याशी मीमॉ बोलली, तू लहानपणी तिचा डबा घेऊन गिरणीत जायचीस तेव्हा बोलायची तसं. तू ते वाचलंस हेही आम्हाला माहीत आहे, कारण तू लगेच बाबांना फोन करून रडलीस, की आई म्हणतेय, “मी इथंच मरीन,” आणि दुसऱ्या दिवशी आश्रमात खोलीसाठी नाव घातलंस. आत्या, तुझा सराव गेला. बाली-माली झालं. मी शेजारीच बसले होते, आणि नंतर तिला विचारूनही घेतलं. ती म्हणाली होती, “मी इथंच बरी ना.”

ता. क. तिसरा. आजीनं हे सगळं माझ्या खांद्यावरून वाचलंय. ती म्हणते, खोली सोडून दे, तिला हलवायला यायचं म्हणून काढलंस ते विमानाचं तिकीट मात्र सोडू नकोस. उन्हाळ्यात आमची बंदी उठते आणि टेबलाला भूगोल येणारं माणूस हवंच आहे. काकांनाही आण, फक्त त्यांना मिशा काढून यायला सांग. त्यांची अर्धी वाक्यं मिशीतच राहतात, आणि कपाटाचा विषय निघाल्यावर पुढं ते काय म्हणाले ते तिला समोरासमोर बघायचंय.