नकाशावरच्या सहा टाचण्या

गुरुजी, नाचणगावच्या शाळेतलं पर्जन्यमापक तुम्हाला आठवत असेल. मला तर ते अजून सोडत नाही. सातवीत रोज सकाळी मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन पाऊस मोजायचं काम माझ्याकडे होतं. एकदा चिखलात जायचा कंटाळा आला आणि मी वर्गात बसूनच वहीत बारा मिलिमीटर लिहून टाकले. तुम्ही वही पाहिलीत, उठलात, कपाटाची कडी काढलीत. आत पर्जन्यमापक. आदल्या संध्याकाळीच तुम्ही ते धुवायला काढून आणलं होतं. "यंत्र इथं हाये. मंग हा पाऊस कुठून आणला वं तू?" अख्खा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत, मारलंही नाहीत. आकडा खोडू दिला नाहीत, त्याच्याखाली माझ्याच हाताने लिहायला लावलंत: न पाहता लिहिले. मला इतका राग आला होता की आठवडाभर मी तुमच्याकडे पाहिलं नाही.

आता मी वर्ध्याजवळ पिपरी मेघेत शिकवते. यंदा आमच्या सातवीने एक गरुड धरला आहे, म्हणजे पडद्यावर. मंगोलियात अभ्यासकांनी त्याच्या पाठीवर काडेपेटीएवढं यंत्र बांधलं. तो कुठे आहे हे ते उपग्रहामार्फत रोज कळवतं, आणि ते कोणालाही इंटरनेटवर पाहता येतं. हिवाळ्यात हे गरुड आपल्याकडे उतरतात. मी सकाळी मोबाइलवर ठिकाण पाहून वर्गात सांगते, एक मुलगी भिंतीवरच्या नकाशात टाचणी टोचते आणि वहीत नोंद करते. त्याने हिमालय ओलांडला त्या दिवशी पोरांनी बाकं बडवली. तो वर्ध्यावरून जाणार हे त्यांनी परस्पर ठरवूनही टाकलं. सिंदी मेघेवरून की पिपरीवरून, एवढ्यावरच भांडण होतं.

राजस्थानात ठिपका थांबला. "थकला असन," मुलं म्हणाली. चौथ्या दिवशी अभ्यासकांच्या दोन ओळी आल्या: विजेच्या तारांजवळ हालचाल पूर्ण थांबली आहे, पक्षी मेला आहे. मी वर्गात शिरले, सगळे चेहरे वर झाले, आणि माझ्या तोंडून थोडं पुढचं ठिकाण निघून गेलं. मग रोजच निघत गेलं, सहा दिवस. टाचणी नकाशात रुतली की माझ्या पाठीमागे कपाटाची कडी वाजायची. आमच्या वर्गात कपाट नाही, गुरुजी.

सातव्या सकाळी तो वर्ध्यावर यायचा होता. सगळा वर्ग मैदानात माना वर करून उभा. एक घार फिरत आली. "मॅडम, तो पाहा. आपलाच हाये." मग सगळ्यांनाच तो दिसला. नोंद करणारी मुलगी तेवढी मान खाली घालून लिहीत होती. तिच्या वहीत दोनच शब्द होते, दिसला नाही.

"काऊन वं?" मी विचारलं.

"मले घार दिसली, मॅडम. सारे म्हणते म्हणून गरुड कशी लिवू?"

ती वही मी घरी नेली. सहा नोंदींखाली सहा वेळा 'न पाहता लिहिले' असं लिहिलं, सही केली, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाचून दाखवलं. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्या मुलीने विचारलं, "मंग तो कुठी हाये?" मी पडद्यावर दाखवलं. ठिपका तिथंच होता. ते यंत्र उन्हावर चालतं, पक्षी गेला तरी रोज ठिकाण कळवत राहतं. तिने नकाशातल्या राजस्थानापुढच्या सहाही टाचण्या काढून माझ्या तळहातावर ठेवल्या. त्या आता टेबलाच्या खणात आहेत.

हे पत्र कुठे धाडणार? तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली. तरी एक गोष्ट वहीत लिहायची राहिली, ती तुमच्याजवळ सांगते. त्या सकाळी मैदानात, सगळं ठाऊक असूनही, मीही वर पाहत होते. आणि गुरुजी, घार आली ना, तेव्हा क्षणभर मलाही तोच दिसला.