छत्रीच्या चिठ्ठीखालचा गठ्ठा

४ फेब्रुवारी

आज सकाळी दप्तरखाना उघडून बारा निवडणुकांच्या बारा फायली खाली काढल्या. धूळ झटकली, टेबलावर ओळीने मांडल्या. मग सातवी उचलली आणि पुन्हा फळीवर ठेवून दिली. कोणी पाहिलं नाही. मीच पाहिलं.

आमचा मतदारसंघ मोडणार आहे. पुढच्या वेळी अर्धी गावं पूर्वेकडच्यात, अर्धी पश्चिमेकडच्यात. साहेब म्हणाले, "नाव पुसलं जायच्या आधी इतिहास लिहून टाका. कोण उभं राहिलं, कोण पडलं, किती मतांनी. पुस्तिका छापू. तुमच्याइतकं जुनं इथे दुसरं कोण आहे? तुम्ही आणि ते कपाट."

सगळे हसले. मीही.

६ फेब्रुवारी

पहिल्या तीन निवडणुका लिहून झाल्या. पहिल्या वेळी नदीपलीकडच्या गावांच्या पेट्या होडीतून आल्या, त्याही दोन दिवस उशिरा. जाहीरनामे चाळले. नदीवर पूल बांधू — बारापैकी नऊ वेळा. कागदावर नऊ पूल झाले, नदीवरचा तेवढा राहिला.

९ फेब्रुवारी

सहा झाल्या. आज आठवी सुरू केली. शिपायाने पानं चाळली. "अण्णा, सातवी कुठे गेली? जेवायला?"

१० फेब्रुवारी

वहीशी तरी खोटं वागू नये. लिहून काढतो.

पंचवीस वर्षं झाली. नोकरीला लागून मला सहा महिने झाले होते. मतमोजणीला टेबल क्रमांक चार. तेव्हा कागदी मतपत्रिका. लढत दोघांतच — गुरांचे डॉक्टर, खूण शिडी; आणि गिरणीवाला, खूण छत्री. पद्धत अशी, की पन्नास मतपत्रिका मोजायच्या, वर त्या खुणेची चिठ्ठी ठेवायची, दोऱ्याने बांधायचं आणि गठ्ठा त्याच्या खणात टाकायचा. त्यापुढे मतपत्रिका कोणी बघत नाही, चिठ्ठ्या मोजतात. माझ्या टेबलावर डॉक्टरांच्याच गावची पेटी आली होती.

संध्याकाळी निकाल लागला. डॉक्टर अडतीस मतांनी पडले. बाहेर गिरणीवाल्याच्या माणसांचा आरडाओरडा. मी गठ्ठे परत पेटीत भरत होतो. एकाचा दोरा सैल. वर चिठ्ठी छत्रीची. खाली पन्नासच्या पन्नास शिक्के शिडीवर! गाठ माझ्या हातची.

मोठ्या कारकुनांना दाखवला. त्यांनी आधी दाराकडे पाहिलं. "निकाल जाहीर झालाय. आता तोंड उघडलंस तर तू, मी, सगळे घरी बसू. बांध."

मी बांधला. या वेळी घट्ट.

छत्रीतली पन्नास काढून शिडीत घातली, की डॉक्टर बासष्ट मतांनी निवडून येतात. ही बेरीज-वजाबाकी त्या दिवसापासून सुटलेली नाही. मतपत्रिका पुढे नियमाप्रमाणे नष्ट झाल्या. मोठे कारकून वारले. आता पुरावा म्हणजे मी एकटा.

१३ फेब्रुवारी

फोटो मागायला डॉक्टरांकडे गेलो. बाजारामागे दोन खोल्या. खुंटीवर जुनी पिशवी, तिला अजून औषधाचा वास. वय अठ्ठ्याहत्तर, पण कणा ताठ.

"या, इतिहासकार. माझं एका ओळीत आटपा. आपल्याच गावाने पाडला, एवढंच लिहा."

मी पेन काढलं.

"गावात दादाचा शब्द चालायचा. थोरला भाऊ माझा. शेजारच्या सगळ्या गावांत मी पुढे, आणि घरच्या पेटीत मागे! शब्द फिरवल्याशिवाय होतं का? त्या दिवसापासून मी नदी ओलांडली नाही. वहिनी गेली तेव्हाही नाही."

मी म्हणालो, "मोजणीत एखाद वेळी—"

"छे. माणसं फिरतात. कागद फिरत नाही."

मी चहा संपवला. फोटो घेतला. निघालो.

पन्नास मतं एवढीच माझी चूक समजत होतो. भाऊ तोडला हे ठाऊक नव्हतं. की ठाऊक करून घेतलं नव्हतं?

१५ फेब्रुवारी

हिला सांगितलं. पहिल्यांदाच. भाजी निवडत होती, हात थांबले.

"पंचवीस वर्षं माझ्या शेजारी बसून जेवलात, आणि हे पोटात होतं?"

पुन्हा भाजी पुढे ओढत म्हणाली, "आता सांगून काय होणार? त्यांचं आयुष्य परत येणार आहे? तुमची मात्र जाईल नोकरी."

बरोबरच बोलते. तिचं बरोबर असणं आज फार जड वाटलं.

१६ फेब्रुवारी

रविवार. होडीने पलीकडे गेलो. दादा ओसरीवर बसलेले, तोंड नदीकडे. मी वाकलो तर माझा हात धरून विचारलं, "निकाल लागला का?"

मला वाटलं, यांना सगळं कळलंय. हात सोडवू लागलो.

सून आतून आली. "घाबरू नका. दोन वर्षं झाली, ओळख राहिली नाही कोणाची. मलाही म्हणतात, बाई, तुम्ही कुठल्या? फक्त हे एक विचारतात, येईल त्याला."

"तुम्ही काय सांगता?"

"मोजणी चालू आहे म्हणतो. पडले म्हटलं की रडतात. धाकट्यासाठी अनवाणी दारोदार हिंडले होते हो. आणि त्यानेच तोंड फिरवलं."

परतताना होडीवाला बोलत होता. एक शब्द कानात शिरला नाही.

१८ फेब्रुवारी

पहाटे देवापुढे बसून क्षमा मागितली. मागता मागता कळलं, दार चुकलं. अपराध त्याचा केलेला नाही.

१९ फेब्रुवारी

काही लिहवत नाही.

२० फेब्रुवारी

साहेबांनी विचारलं, "सातवी कुठे आहे?" उद्या देतो म्हणालो.

खरं लिहिलं तर कोण मानणार? मानलं तरी गिरणीवाल्याची पाच वर्षं कोण काढून घेणार? पूल दोघांनीही बांधला नसताच. मतदारसंघच उरत नाही, तिथे माझ्या एका गाठीची काय कथा? दिवसभर स्वतःला हेच समजावलं. पटत होतं. म्हणूनच भीती वाटली. आणखी आठ दिवस गेले तर पूर्ण पटेल, आणि मग मी या वहीतही खोटं लिहीन.

२१ फेब्रुवारी

सकाळी सातवी निवडणूक लिहिली, जशी झाली तशी. खाली सही केली, पान साहेबांच्या टेबलावर ठेवलं, आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकून डॉक्टरांकडे गेलो. उभ्यानेच सांगितलं. त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत राहिले. मग काठी शोधू लागले. मी आणून दिली, आधाराला हात पुढे केला. "तू नको धरूस," म्हणाले. होडीत माझ्याकडे पाठ करून बसले.

ओसरीवर दादांनी त्यांना विचारलं, "निकाल लागला का?"

"लागला, दादा. धाकटा आला. बासष्ट मतांनी."

"मी सांगत होतो सगळ्यांना," दादा म्हणाले. मग मान वर करून, "आणि आपण कोण?"